आपाच्या हातची काडतुसं

७८६
दुबई, ५ जानेवारी १९६४

प्यारी जहांआरा आपा,
धाकट्या मोहिद्दीनचा अस्सलामु अलैकुम. अब्बांना आदाब. मी खुशाल आहे, तुमची खुशाली अल्लाकडे नेक चाहतो.

आपा, एक घोटाळा करून बसलोय. आमच्या सर्व्हे कंपनीचे साहेब ईदनंतर अल ऐनकडे कॅम्प हलवणार आहेत. वाटेत हरणाची शिकार, तीही रिव्हॉल्व्हरनं. विलायतेहून काडतुसं यायला महिने लागतात, म्हणून ते रिकामी झालेली पुन्हा हातानं भरतात. ते पाहून दाभोळची माडी आठवली. सोनाराचा काटा, चटईवर मांडलेली नळकांडी. मध्येच अजान झाली की तू हातातलं काडतूस रिकामं करून ठेवायचीस, नमाजनंतर चुकून दोनदा दारू पडू नये म्हणून. ऊर भरून आला आणि तोंडातून निघून गेलं की, आमच्या गावात भेकराच्या शिकारीची काडतुसं मीच भरायचो. साहेब खूश. म्हणाले, यल्ला, चल तर, कॅम्पची काडतुसं तूच भर आणि स्टोअरकीपरची परमनंट नोकरीही तूच घे.

मी फक्त खोक्यांना दोरी बांधायचो, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा दारूचं माप सविस्तर लिही. कान उपट, पण माया आटवू नकोस.

तुझा मोहिद्दीन

७८६
दाभोळ, २९ जानेवारी १९६४

अझीज मोहिद्दीन,
आपाच्या अनेक दुआ. रोजे नीट चालले आहेत ना? अब्बांची नजर आणखी अधू झाली आहे, बाकी ठीक.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग लगेच लिहायला बसले. माप पाठवत नाही. आपलं माप बंदुकीचं. रिव्हॉल्व्हर केवढंसं, त्याची दारूही वेगळी. अंदाजानं भरलंस तर हरीण राहील बाजूला आणि साहेबांची बोटं जातील.

तू जाऊन तीन वर्षं झाली, तरी खैरुद्दीनचाचा प्रत्येक शिकारीनंतर ओटीवर येऊन तुलाच शाबासकी देतात. लोकांना वाटतं, जाताना तू पोतंभर काडतुसं भरून ठेवलीस. बाईच्या हातचं काडतूस कोण घेईल, म्हणून अब्बा गप्प राहतात आणि मी पडद्याआड चहा गाळते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण इथे निदान भरणारी मी आहे. तिथे कोण आहे? साहेबांना खरं सांग. नोकरी गेली तर जाऊ दे.

रागावून लिहिलं असलं तरी माया तीच आहे.

तुझी आपा

७८६
दुबई, २ मार्च १९६४

प्यारी आपा,
सलाम, आणि उशिराची ईद मुबारक.

तुझं पत्र चार दिवस खिशात घालून फिरलो. साहेबांनी सगळं सामान टेबलावर मांडलं तेव्हा मात्र राहवलं नाही. आणखी तीन साहेब बसले होते, त्यांच्यादेखत सांगितलं की मी खोटं बोललो. काडतुसं माझी बहीण भरते, तिचं नाव जहांआरा, आणि तिनंच मला हात लावू नकोस म्हणून कळवलंय. साहेबांनी सामान स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाले, खलास. काडतुसं त्यांनी स्वतःच भरली आणि स्टोअरची नोकरी दुसऱ्याला दिली. मी जुन्याच कामावर आहे.

नोकरीचं दुःख आहेच. पण आपल्या ओटीवर इतकी वर्षं तुझी शाबासकी मी खाल्ली, आणि तुझं नाव घ्यायला मला समुद्रापलीकडे परक्या माणसांत यावं लागलं, याची शरम जास्त आहे. हे पत्र अब्बांना वाचून दाखव. जमलं तर माफ कर.

तुझाच मोहिद्दीन

७८६
दाभोळ, २१ मार्च १९६४

अझीज मोहिद्दीन,
खूप खूप दुआ.

पत्र अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी ते मागून घेतलं. काल जुम्म्याची नमाज आटोपून शिकारीची मंडळी ओटीवर जमली, तेव्हा त्यांनी तुझं पत्र खैरुद्दीनचाचांच्या हाती दिलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी पडद्याआड चहा गाळत होते. वाचून झालं. एकजण उठून निघून गेला. आता सगळेच जातील असं वाटलं.

चाचांनी पत्राची घडी घातली. आजवर काडतुसं ते अब्बांकडे मागायचे. काल पडद्याकडे वळून मला विचारलं की, बेटी, बुधवारपर्यंत बारा होतील का?

होतील, मी म्हणाले. तेव्हा आज पत्र आटोपतं घेते.

तुझी आपा,
जहांआरा