आईचा उजवा डोळा

लीड्स, २७ डिसेंबर १९७२

व्यंकट,

आज ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही.

परवा नाताळच्या सुट्टीत घरमालकीणबाईंनी मला त्यांच्या घरच्यांत जेवायला बसवलं. “आई कशी आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “ठणठणीत. अजून सुईत दोरा स्वतःच ओवते.”

आज आपल्या बेंबळीहून मित्राचं, गुलाबचं पत्र आलं. दिवाळीआधी दुष्काळी कामावर खडी फोडताना कपची उडून आईचा उजवा डोळा गेला, हे मला त्यानं कळवलं. दिवाळीनंतर तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत तू लिहिलंस, “दादा, आई मजेत हाय, तू अभ्यासात ध्यान दे.”

तिनंच “त्याला कळवू नगंस” म्हणून शपथ घातली असेल. पण तू ऐकलंस कसं? इथं तर मी परकाच. तिथंही आता पाहुणा झालो का?

हे पत्र टाकता येणार नाही. माझं प्रत्येक पत्र तू आईला मोठ्यानं वाचून दाखवतोस.

तू म्हणशील, कळवलं असतं तर शिष्यवृत्ती सोडून आला असतास का? मला ‘हो’ म्हणता येत नाही. त्याचाच तुझ्यावर जास्त राग येतोय.

उत्तरेश्वर