बुटक्यांची तोंडं

रविवार, ६ ऑक्टोबर

कंदीलवाला बुटका सापडला नाही. झुडपात नाही, गॅरेजमागे नाही, कंपोस्टच्या डब्यातही नाही. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच. आमचा नियम साधा — रविवारी कोणीतरी एकाने बागेतल्या पाच मातीच्या बुटक्यांपैकी एक गुपचूप लपवायचा, ज्याला आधी सापडेल त्याला भांडी माफ. पाचही एकेक ध्यान! लाल टोप्या, फुगलेले गाल; एकाकडे कंदील, एकाकडे ढकलगाडी, एकाकडे मासा, एकाकडे बासरी, आणि एक आडवा झोपलेला.

निहार म्हणाला, "या वेळी मी नाही." ईप्सिताने जर्मनमध्ये नाही म्हटलं, "नाइन, ममा." मी तर नाहीच. मग कोणी?

निहारचे बाबा हसत होते. महिन्यापूर्वी पुण्याहून इथे जर्मनीत आले तेव्हा सासरेबुवांना हे सगळं पोरकट वाटलं होतं.

भांडी मीच घासली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सापडला. ट्रामला जाताना कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीखाली. ओल्या पानांत उभा, तोंड आमच्या गल्लीकडे. टवाळ पोरांचं काम. संध्याकाळी उचलून बागेत आणून ठेवला.

बुधवार, ९ ऑक्टोबर

परत तिथेच. त्याच जागी, तोंड तसंच.

शनिवार, १२ ऑक्टोबर

बागेत एकच उरलाय, तो आडवा झोपलेला. बाकीचे गेले. ढकलगाडीवाला बेकरीच्या वळणावर दिसला, भिंतीला टेकून. मी हात लावला नाही. का लावला नाही, माहीत नाही.

ईप्सिता आता बागेत जात नाही. जेवताना जर्मनमध्येच म्हणाली, ते घरी यायला निघालेत. निहार तिच्यावर ओरडला. बाबा ताटावरून उठले, भात तसाच टाकून. ते कधी टाकत नाहीत.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज खेळ नाही. दुपारी एकटीच निघाले, बाकीचे शोधायला. टपालपेटीखाली कंदीलवाला. बेकरीशी ढकलगाडीवाला. पुढे कब्रस्तानाच्या भिंतीशी मासेवाला. आणि जंगल सुरू होतं तिथल्या बाकाखाली, पानं नीट बाजूला सारून ठेवलेला, बासरीवाला.

परत फिरले आणि तेव्हा लक्षात आलं. बासरीवाल्याचं तोंड भिंतीकडे. मासेवाल्याचं बेकरीकडे. ढकलगाडीवाल्याचं टपालपेटीकडे. आणि कंदीलवाल्याचं आमच्या गल्लीकडे. जंगलापासून थेट आमच्या दारापर्यंत. कोणीतरी आमच्या घराची वाट दाखवून ठेवलीय. पण कोणाला?

चौघांना पिशवीत कोंबलं, केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन कुलूप घातलं. निहार म्हणाला, "बरं केलंस. उद्या कॅमेऱ्याचं बघतो." बाबा झोपले होते. उगाच घाबरतील म्हणून त्यांना काही सांगायचं नाही असं ठरलं.

किती दिवसांनी हलकं वाटतंय.

सोमवार, १४ ऑक्टोबर

बाबा नाश्ता करून रोजच्यासारखे फिरायला गेले. रोज अकराला परत येतात, घड्याळ लावावं असे. बारा वाजले. एक वाजला. फोन टेबलावरच होता. मी होम ऑफिस सोडून बेकरीपर्यंत धावले, तिथून पुढे कुठे जावं सुचेना. निहारला बोलावलं. त्याने पोलिसांना कळवलं.

साडेचारला सापडले. जंगलापलीकडे, मोठ्या रस्त्याच्या कडेने चालले होते, घराच्या अगदी उलट्या दिशेला. एक बूट चिखलाने भरलेला. पोलीसबाई म्हणाली, सकाळी एका कुत्रेवाल्या बाईने त्यांना जंगलाच्या तोंडाशी पाहिलं होतं. बाकाभोवती फिरत होते, वाकून वाकून खाली बघत. बाईने विचारलं तर हात जोडले आणि जंगलात शिरले.

घरी आल्यावर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले. प्यायले नाहीत. निहार म्हणत राहिला, "अहो बाबा, नवी जागा आहे, चुकतो माणूस." त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

निहार कामाला गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. दार लोटून घेतलं.

"सुलेखा, मी वाटेवर ठेवलेले ते बुटके कोणी उचलले गं? त्यांच्याकडे बघत बघत मी घरी यायचो."

"मी उचलले, बाबा."

ते खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "पुण्यातही असंच व्हायला लागलं होतं. निहारला सांगू नकोस."