हाताने वाचायचा फलक

३ मार्च
विशूचं बारावं-तेरावं उरकलं. पाहुणे वाळपईला परतले. 'माझा भाऊ गेला' असं लिहून बघितलं. काही वाटलं नाही. भांडी घासली.
धंदा दोघांचा ठरला होता. विज्ञान मी सोप्या मराठीत लिहायचं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी उठावाचे फलक करायचे. विशूला जन्मापासून दिसत नव्हतं, तपासणी त्याची. "तू कर, मी पास-नापास करतंय." आता...

८ मार्च
नार्व्याहून गांवकरबाबांचा फोन. त्यांच्या खाजनात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, लोक फिरायला येतात, तिथे फलक हवा. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधातली लाकडी दारं आपोआप कशी मिटतात, ते. ब्रेल, उठाव, मोठी अक्षरं. पहिलंच काम. "जमतला मां?" मी हो म्हटलं. तोंड आपलं आपणच बोलतं हल्ली.
आई : "वरीसभर नवीन काय सुरू करू नये म्हणतत." म्हटलं, सुरू त्याच्यासमोरच झालंय.

१९ मार्च
मजकूर झाला. 'पाण्याचा दाब' तीनदा खोडलं. शेवटी 'पाणी बाहेरून ढकलतं, दार मिटतं' एवढंच.
तपासणी : डोळे मिटून बोटं फिरवली. सगळं कळलं. कळणारच, मीच काढलेलं. विशू असता तर पोट धरून हसला असता. तरी पास केलं.

६ एप्रिल
नार्वे. फलक बांधावर बसवला. पावसाळ्यात कुजू नये म्हणून धातूचा घेतला होता, माझीच हुशारी. गांवकरबाबांनी नारळ फोडला. सुषमाला मुद्दाम बोलावलेलं. ती विशूच्या ब्रेल वर्गातली, तुयेंला कारखान्यात पॅकिंगला असते. भर दुपार. तिने दोन्ही तळवे टेकले आणि झटकन मागे घेतले.
"बाये, हात लावूक जायना! भाजता गो!"
गांवकरबाब म्हणाले, पावसात थंड जातलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. घरी पंख्याखाली पास झालेला फलक. लाज वाटायला हवी होती. नुसती उभी राहिले.

७ एप्रिल
गांवकरबाबांचा फोन. न दिसणाऱ्या मुलांची सहल ठरली आहे, महिनाअखेरीस. तोवर बदलून द्या, नाहीतर दुसरं कोण तरी बघतो. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
आई म्हणाली, "मगे सोड. नोकरी बघ." सोडायला काही करावं लागत नाही. फोन उचलायचा नाही, झालं.

११ एप्रिल
फोन उचलला. सुषमा. म्हणाली, लाकडाचा कर, सावलीत लाव, उभा नको, कलता ठेव. मी म्हटलं, विशूने हे आधीच सांगितलं असतं.
"दर वाक्यात विशू. तो नाय आता. भाजले ते हात माजे."
मग म्हणाली, "माका कामाक घे. पण विशूक कसा वाटला असता, ता विचारू नको. माका कसा वाटता, ता विचार."
संताप आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं. फोन ठेवला.

१३ एप्रिल
सुषमाला मेसेज केला, कामाला ये. ती सोमवारी येते, बसने, एकटीच.
आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.
"त्याच्या जाग्यार?"
"नाही. कामाला."
ती उठून कामाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत बसायला कदेली, खुर्च्या, दोनच, एक माझी. विशूची तिने अजून कोणाला हलवू दिलेली नाही.
"मगे ती बसतली खंय?"
सोमवार परवा.