शेवंतीवरचा तांबेरा

रविवार, २५ ऑगस्ट

प्रिय धाकल्या,

बाबा आणि मी ठीक आहोत, तूही असशील. पत्ता बदलला नसेल असं धरून लिहिते आहे.

नर्सरीतल्या शेवंतीवर तांबेरा पडला. तू विसरला असशील म्हणून सांगते. पानावर वरून फिकट ठिपके दिसतात आणि पान उलटं केलं की खाली तपकिरी पुळ्या. बोट लावलं की पूड निघते. ही बुरशी जिवंत पानावरच जगते, त्यामुळे झाड लगेच मरत नाही. ते उभं राहतं आणि शेजारच्या झाडांना रोग देत राहतं.

मला कळलं ते फूलवाल्याकडून. नेलेली रोपं त्यानं परत आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी तशीच शेडमध्ये गेले. बाबा रोज सकाळी पानं उलटून बघतात, तेव्हा एखाद्या कोपऱ्यात असेल असं वाटलं होतं. पाहते तर मागच्या भिंतीपासून दारापर्यंत सगळीकडे. बाबांनी कित्येक वर्षं खपून तयार केलेली ती गुलाबी शेवंतीसुद्धा सुटली नव्हती.

मी भडकले. रोज बघता आणि एवढं दिसलं नाही, असं नको तेवढ्या मोठ्या आवाजात बोलले. बाबांनी एक पान तोडलं, उलटं करून त्यावर अंगठा फिरवला आणि मग मान वळवून ते डोळ्याच्या कडेनं पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले बरेच दिवस. बोटांना कळत होतं, म्हणून गप्प राहिलो. पण पुळी बोटाला लागेपर्यंत उशीर झालेला असतो."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शिल्लक आहेत. गेलेलं परत येणार नाही.

झाडं काढावीच लागली. मी माणसं लावणार होते, पण गुलाबी शेवंतीला बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. चाचपत चाचपत एकेक झाड उपटलं, पोत्यात भरलं, पोत्यांची तोंडं स्वतः बांधली आणि हात धुऊन जेवायला बसले. जेवले मात्र नाहीत. स्वच्छ दिसणारे थोडे शेंडे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलेत. त्यांच्यावर रोग उमटतो की नाही, हे इतक्यात सांगता येणार नाही.

काल मी म्हटलं, धाकल्याला कळवते. तू त्यांच्याशी भांडून गेल्यापासून तुझा विषय निघाला की ते उठून जातात. काल उठले नाहीत. म्हणाले, "रोगाचं लिही. डोळ्यांचं लिहू नकोस. कीव येऊन यायचा."

म्हणून आधी रोगाचं लिहिलं.

तुमच्या भांडणात कोण बरोबर होतं, ते मला आजही ठरवता येत नाही, आणि आता ठरवायचंही नाही. कीव येऊन आलास तरी मला चालेल.

आलास की त्यांच्या अगदी समोर उभा राहू नकोस. जरा बाजूला राहा. तिथून त्यांना चेहरा दिसतो.

लवकर निघ.

तुझी,
ताई