प्रेझेंटली

कोपरगाव, मंगळवार, मार्गशीर्ष, शके १९४४

नोकरीत कायम कधी करणार, असं विचारलं की हेडमास्तर वर्षानुवर्षं इंग्रजीत एकच सांगतात: 'प्रेझेंटली'. आज चिडून शब्दकोश उघडला. मुळात अर्थ होता 'ताबडतोब'. लोकांनी इतकी चालढकल केली की शब्दच झिजला आणि त्याचा 'थोड्या वेळानं' झाला. आमच्या हेडमास्तरांनी तर पार 'कधीच नाही' करून टाकला.

संध्याकाळी तेच घरी आले. त्यांच्या मुलीची पत्रिका माझ्या धाकट्या भावाशी जुळली आहे.

"मास्तर, होकार कधी कळवता?"

मी चहा पुढं सरकवला आणि म्हणालो, "प्रेझेंटली." चेहरा उतरला त्यांचा. ताबडतोब.

ते गेल्यावर आई म्हणाली, "त्या पोरीचा काय दोष?"

काहीच नाही. माझा तरी काय होता?