शनिवारचा नंबर

माहीम, ता. पालघर
शुक्रवार, १० नोव्हेंबर १९६७

चि. सौ. मंगला हिस,

थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. वाडीत केळी यंदा बरी आहेत. सासूबाई केळफुलाची भाजी करताना तुझी आठवण काढतात. तशा हल्ली त्या कशावरूनही तुझीच आठवण काढतात.

त्या तुझ्या कॉलनीत आठ दिवस राहून आल्यापासून तर मला दुसरं काही ऐकायलाच मिळत नाही. आमच्या मंगलेला काट्यावर उभी करतात, दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघतात, डॉक्टरीणबाई पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकतात. जणू पोट काय ते जगात तुलाच आलंय!

मला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले. तुला वर्षाच्या आत, तेही लगेच माझ्या पाठोपाठ. भावोजींना तारापूरच्या बांधकामावर नोकरी लागली, तुला क्वार्टर मिळालं, नळाचं पाणी मिळालं, ते मी सोसलं. पण जन्मात एकदा माझं कौतुक व्हायला लागलं होतं, त्यातही तू वाटेकरीण झालीस. खोटं कशाला लिहू, मी तुझ्यावर जळते.

दिवाळीच्या पाडव्याला तू जेवायला आलीस आणि चारचौघींत माझ्या पायावर अंगठा दाबलास. "ताई, खळगा बघा, भरतच नाही!" सगळ्या वाकून माझा पाय बघायला लागल्या. दवाखाना तुला मिळाला आणि डॉक्टरकी माझ्यावर? म्हणून तुला तसं फाडकन बोलले.

आपली सुईण, लाडकी, तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आवो, सूज कसली? पोरगी भरली हाय. पयल्या खेपेला असंच व्हतं." मला केवढं बरं वाटलं! तुझे हात काटक्यांसारखे आणि मी अंगानं भरलेली. एका बाबतीत तरी मी तुझ्यापेक्षा वरचढ.

आता तुझे प्रश्न. माझं वजन कोण बघतं? घरात काटा एकच, तो केळी तोलायचा. रक्ताचा दाब? नर्सबाई येतात, वहीत नाव लिहितात, "बरं आहे ना?" विचारतात. मी "बरं आहे" म्हणते. मग त्या चहा घेतात आणि पुढच्या घरी जातात. अंगाला हात लावत नाहीत. पट्टा त्यांच्या पिशवीत असतो की नाही, देव जाणे. आणि लघवी तपासतात का म्हणे! असलं पत्रात लिहायला तुला लाज कशी वाटली नाही?

'आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, तू तुझं बघ,' असं उत्तर मी लिहिलं होतं. ते चुलीत घातलं.

कारण परवा माझ्या डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हातात रुतायला लागल्या. तेल लावलं, साबण लावला, एक हलेना. शेवटी लाडकीने सगळ्या वाढवल्या. पोटुशी बाईचा हिरवा चुडा, मंगला! सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. हात पदराखाली घेऊन वावरते. या वेळी लाडकी 'भरली हाय' म्हणाली नाही. काचा गोळा करता करता म्हणाली, "माज्यानं हे कळत नाय. तुमी त्या धाकलीच्या डाक्तरणीकडं जावा." लाडकीला कळत नाही, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दोन दिवस कपाळ फुटेल असं दुखतंय. डोळ्यांपुढे मधूनच चमकतं, म्हणून अक्षर असं तिरपं आलंय. पोटातलं हलतं आहे. मी सारखी हात लावून बघते.

दोन गर्भारणींनी एका उंबऱ्याआत राहू नये, असं सासूबाई सांगतात. मीही तेच धरून बसले, कारण मला तुझ्या दारात पाऊल टाकायचं नव्हतं. आज ह्यांना सगळं सांगितलं. हे केळी घेऊन बोईसरला निघाले आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते. उद्या शनिवार, तुझ्या डॉक्टरीणबाईंचा दिवस. सकाळच्या गाडीने मी येते. नरहरी भावोजींना स्टेशनवर पाठव, मला चालवत नाही.

माझं जळणं एका दिवसात जायचं नाही, ते माझ्याबरोबरच येईल. तुझी साडी दिसली की तोंड वाकडं करीन, मनावर घेऊ नकोस. पण सासूबाई सांगत होत्या, दवाखान्यात तुझा नंबर नेहमी पहिला असतो. आजवर तुला सगळं माझ्याआधी मिळालं. उद्याचा तेवढा नंबर मला दे.

भुंड्या हातांनी येते आहे. दार उघडं ठेव.

तुझी जाऊ,
आनंदी