निळी झालेली बारा खोडं

८ ऑक्टोबर २०२५, सौंसर

आमच्या दीपालीचं प्रवास-अनुदान मंजूर! तिच्या पीएच.डी.च्या गाइड सुचिता मॅडमनी दुपारी फोनवर पक्कं सांगितलं. डिसेंबरात स्पेन — संत्र्याच्या रोगांवरची परिषद. अट एकच: खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाच्या शेवटच्या नोंदी सोळा तारखेच्या आत. पांढुर्ण्याला पेपरच्या ऑफिसात शेतीचं पान लावत होतो, तिथंच कळलं. घरी बायकोनं, लीलानं, शिरा केला.

१० ऑक्टोबर

पोरीला घेऊन लोधीखेड्याला, अंबाबाईच्या संत्र्याच्या बगिच्यात. तिथली बारा झाडं दीपालीनं दोन वर्षं मुद्दाम बिनइलाजाची ठेवली — औषध लावलेल्या झाडांशी ताडून पाहायला. खोडांना लाल रिबिनी.

आज बाराही खोडं कमरेपर्यंत निळी! मोरचूद-चुन्याचा मलम, म्हणजे याच रोगाचं औषध.

अंबाबाई हरखलेली. "तुही झाडं रडून राहिली होती, बाई. दिवाळीसाठी घर पोतलं, मंग यायलेच काऊन सोडाचं?"

"काकू, यायले काहीच लावाचं नव्हतं ना!"

"मले वाटलं, तू औषध मांगाले लाजून राहिली."

दीपाली हसली. गाडीवर बसल्यावर मात्र पाठीमागून हुंदका.

११ ऑक्टोबर

म्हटलं, सप्टेंबरच्या नोंदी आहेत. शेवटचे आकडे अंदाजानं भर.

"बाबा, तुमी बातमी अशी लिहिता का?"

तेहतीस वर्षांत एक डेडलाइन चुकवली नाही.

१२ ऑक्टोबर

तिनं मॅडमना सगळं खरं कळवलं.

१३ ऑक्टोबर

मॅडमचं अजून काही उत्तर नाही. लीला माझ्यावरच चिडली — "तुमच्या वळखी काय फक्त फीत कापाच्या फोटोपुरत्या?"

१४ ऑक्टोबर

मॅडमचा फोन. अनुदान थांबवलंय, यादीत पुढचा विद्यार्थी तयार आहे. मलम कुणी, कधी, कशावरून लावला — समितीला बागमालकाचं लेखी हवं. दीपालीला ताप. उद्या मीच जातो अंबाबाईकडे.

१५ ऑक्टोबर

अंबाबाईनं सही केली. कशावरून लावला विचारलं, तर डब्यातून कात्रण काढलं. मागच्या महिन्यात पान भरायला घाईत लिहिलेला, या मलमावरचा माझाच मजकूर. मथळा — 'एकही खोड सोडू नका!'

"तुमीच त लेहलं, भाऊ. म्हटलं, पोरीच्या बापानं सांगतलं म्हंजे पोरीनंच सांगतलं."

कात्रण कागदांना जोडलं. खाली माझी सही. दीपालीला आत्ता सांगायचंय. समिती शुक्रवारी बसेल.